‘आपल्याकडे गुलाम नव्हतेच’ : त्या मजकुराला बडोद्याहून उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्याकडे तीनदा आला. आधी दांडिया बाजारातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या गटात, मग शाळेच्या बॅचच्या गटात, आणि शेवटी सुरतेच्या मावसभावाकडून. मजकूर थोडक्यात असा : ‘गुलामगिरी हा परक्यांचा रोग. भारतात ती कधीच नव्हती, खुद्द ग्रीक वकील मेगास्थेनिसने तसं लिहून ठेवलंय. मराठ्यांनी माणूस कधी विकला नाही. आपल्याकडचे गडी-मोलकरणी घरच्यासारखे राहत. थोडंफार जे होतं ते इंग्रजांनी १८४३ साली संपवलं. मग आज त्याचं रडगाणं कशाला?’ खाली ‘अभिमानाने पुढे पाठवा’.

पाठवणारी माणसं माझीच आहेत, मनाने वाईट नाहीत. पण माझी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

मेगास्थेनिसपासून सुरुवात करू. सगळे भारतीय स्वतंत्र आहेत, त्यांच्यात कोणी गुलाम नाही, असं त्याने म्हटल्याचं पुढच्या ग्रीक लेखकांनी नोंदवलंय, हे खरं. त्याच्या डोळ्यांपुढे ग्रीसमधले गुलाम होते. तशी व्यवस्था त्याला इथे दिसली नसेल. पण ज्या मौर्यांच्या दरबारी तो वकील होता, त्याच घराण्यातल्या अशोकाचं म्हणणं वाचायला आपल्याला ग्रीसला जावं लागत नाही. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी तो खडक आहे. सहलीला गेलेले असंख्य बडोदेकर त्याच्यापुढे फोटो काढून आलेत. त्यावरच्या नवव्या लेखात शब्द आहेत, ‘दासभतकम्हि सम्यप्रतिपती’. दास आणि पगारी नोकर यांच्याशी नीट वागावं. भृतक म्हणजे पगारी नोकर वेगळा, दास वेगळा. दास नव्हतेच, तर सम्राट कोणाशी नीट वागायला सांगत होता?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं ‘न त्वेवार्यस्य दासभावः’ हे वाक्यही या चर्चेत हमखास येतं. आर्याला दास करू नये, असा त्याचा अर्थ. पण ज्या अध्यायात ते आहे तो अध्याय माणसं विकण्याचे, गहाण टाकण्याचे आणि सोडवण्याचे नियम सांगण्यासाठीच आहे, आणि म्लेच्छांनी पोरं विकली तर दोष नाही, असंही तिथेच लिहिलंय. कौटिल्याचे काही नियम माणुसकीचे आहेत, हे मी मोकळेपणाने सांगते. गहाण पडलेल्या माणसाला प्रेत, विष्ठा, उष्टं उचलायला लावलं, तर धन्याचा पैसा बुडतो, असं तो म्हणतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर दासांचे सात प्रकार ओळीने आहेत : युद्धात धरलेला, अन्नासाठी राहिलेला, घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, बापाकडून वारशात आलेला, दंडापायी झालेला. नारदस्मृतीत ही यादी पंधरावर जाते.

‘हे सगळं ग्रंथातलं, व्यवहारात कुठे होतं?’ असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या बडोद्यातच छापलेलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सयाजीराव महाराजांच्या प्रोत्साहनाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली ‘लेखपद्धति’ नावाचं पुस्तक निघालं, मालेतलं एकोणिसावं. मध्ययुगीन गुजरातमधल्या संस्कृत दस्तऐवजांच्या नमुन्यांचा हा संग्रह. जमिनीचा दाखला, कर्जरोखा, फारकत, मुलाने बापाला लिहायचं पत्र कसं असावं, ते यात आहे. आजच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर टायपिस्टकडे जशी फॉर्मची फाइल असते, तसं. आणि या नमुन्यांत दासीच्या विक्रीचं खतही आहे. परमुलखावरच्या स्वारीत धरून आणलेली मुलगी चव्हाट्यावर उभी केली, शहरातल्या प्रतिष्ठितांच्या साक्षीने विकली, आणि घेणाऱ्याच्या घरी तिने काय काय करायचं याची यादी : चिरणं, दळणं, सारवणं, झाडणं, सरपण आणणं, पाणी भरणं, मैला काढणं, गाई-म्हशी दोहणं, ताक घुसळून शेतावर नेणं, निंदणी, गवत कापणं. कौटिल्याने गहाणवटीच्या माणसाला जे लावू नये म्हटलं, तेच काम इथे अटींमध्ये लिहून घेतलंय. तिने चोरी केली किंवा ती पळाली, तर धन्याने तिला मारावं. आणि मार सोसवला नाही म्हणून तिने विहिरीत जीव दिला, तर धन्याला दोष नाही. गंगास्नान केलं की तो शुद्ध. दुसऱ्या एका नमुन्यात दुष्काळात सगळ्यांनी टाकलेली मुलगी आपण होऊन दासी व्हायला येते. त्या खताचं नावच ‘स्वयमागत दासीपत्र’.

कधीतरी एकदा घडणाऱ्या गोष्टीचा नमुना कोणी करून ठेवत नाही. लेखनिकाला तो वरचेवर लागत होता. विहिरीचं कलमही कोणा दुष्ट माणसाच्या डोक्यातून आलेलं नाही. मुली विहिरी जवळ करत होत्या, त्यावरून वाद होत होते, म्हणून ते कलम घालावं लागलं. हे पान पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आता ‘मराठ्यांनी माणूस कधी विकला नाही’. यातला खरा भाग मला प्रिय आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल, म्हणजे लेखी परवाना, दिला, त्यात स्पष्ट बजावलं की, आधीच्या अमलात तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम खरेदी करून नेता येत होते. या मुलखावर माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही. डचांच्या कागदांत हे जपलेलं आहे. त्या काळात असं बोलणारे राजे विरळाच. पण म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते. शंभर वर्षांच्या आत, पेशव्यांच्या दप्तरात कुणबिणींच्या नोंदी सापडतात, त्याही एखाददुसऱ्या नव्हेत. ‘कुणबीण’ म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, सरकारची किंवा सावकाराची दासी. पागेत, कोठीत, किल्ल्यांवर त्या राबत. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या किमती नोंदलेल्या आहेत. बदकर्माचा आरोप आलेल्या बाईला सरकार कुणबीण करून टाकत असे. मनूचा सातवा प्रकार, दंडदास, अठराव्या शतकात पुण्यात जिवंत होता. सुटका हवी, तर पैसा भरा किंवा बदली बाई द्या. हे कागद कोणा परक्याने रचले नाहीत, आपल्याच कारकुनांनी मोडीत लिहिले.

आणि त्याची खूण आपल्या तोंडात अजून आहे. आजी चिडली की म्हणायची, ‘मी काय तुमची बटीक आहे?’ आम्ही पोरं हसायचो. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या पोरांना ‘लेकावळे’ म्हणत, आणि पंक्तीत त्यांचं पान वेगळं. वर्तमानपत्रं ‘सत्तेची बटीक’ असं बेधडक छापतात. ज्या समाजात ही गोष्ट नव्हतीच, त्या समाजात तिच्यासाठी इतके शब्द कसे?

परक्यांनी गुलाम आणले, त्यांचा व्यापार केला, हेही खरंच. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता झाला आणि १६२६ला वारला, हे मराठी माणसाला सांगायला नको. पोर्तुगीजांचा व्यापार गोवा-दीवहून चाले. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याशी सिद्दींची वस्ती आहे, बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. त्यांचे पूर्वज कोणी खलाशी, कोणी शिपाई, पण पुष्कळसे गुलाम म्हणून आफ्रिकेतून आले. आपण त्यांच्या ‘धमाल’ नावाच्या नाचाला टाळ्या देतो. सौराष्ट्रातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, भरूचच्या सिद्दींना नाही. ‘आज परिणाम कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांनी त्यांच्या शिक्षणाची चौकशी करावी.

‘घरच्यासारखे राहत’ या मुद्द्यासाठी आपल्याच बडोदे संस्थानातल्या नवसारी प्रांताकडे बघू. तिथे आणि सुरत जिल्ह्यात हाळी पद्धत होती. दुबळा जातीच्या मुलाचं लग्न ठरलं की खर्च जमीनदाराने, धणियामोने, उचलायचा. धणियामो बहुधा अनाविल ब्राह्मण. त्या दिवसापासून मुलगा त्याचा हाळी. मजुरी म्हणजे रोजचं धान्य, झोपडीला जागा, वर्षाचे कपडे. त्यात कर्ज फिटणं शक्यच नव्हतं, ते फिटावं अशी कोणाची इच्छाही नव्हती. बायको धन्याच्या घरी शेणगोठा आणि झाडलोट करायची. मुलगा मोठा झाला की त्याचंही लग्न, तेच कर्ज. साखळदंड नव्हता, मान्य. धनी आजारपणात विचारपूस करत असेल, सणाला गोडधोड देत असेल, तेही मान्य. पण ज्याला घर सोडून जायची मुभा नाही, तो घरचा कसा? ‘दुबळा’ हे नाव अपमानाचं म्हणून पुढे ‘हळपती’ नाव रूढ झालं.

उरलं १८४३. त्या साली कंपनी सरकारने जो पाचवा कायदा केला, तो चार कलमांचा. गुलामावरचा मालकीहक्क कोर्ट मानणार नाही, सरकारी येणं वसूल करायला माणूस विकायचा नाही, असा त्याचा गाभा. गुलाम बाळगणं त्याने गुन्हा ठरवलं नाही. विकत घेणं-देणं शिक्षापात्र झालं ते दंड संहितेने, १८६०च्या, अंमल १८६२पासून. आणि दोन्ही कायदे ब्रिटिश मुलखाचे. बडोदे संस्थान त्यात येत नव्हतं. त्याआधी १८३३मध्ये इंग्लंडने आपल्या वसाहतींतले गुलाम मुक्त करण्याचा कायदा केला, तेव्हा कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. त्या वेळी दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली ती मालकांना, गुलामांना छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश सरकारने २०१५ साली मिटवला. मॉरिशसच्या मळ्यांत रिकाम्या झालेल्या जागी आपली गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेली, माणसं गेली, त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती.

आपल्याकडे मात्र वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं, संविधानाच्या तेविसाव्या कलमाने बिगार बंद केल्यावर पंचवीसहून अधिक वर्षांनी. त्या कायद्यात देशभरातल्या वेठबिगारीच्या प्रकारांची नावं दिली आहेत, आणि त्या यादीत ‘हाळी’ आहे. १८४३ला सगळं संपलं असतं, तर हा शब्द १९७६च्या कायद्यात कशाला आला असता?

गुलामगिरी आणि अस्पृश्यता एक नव्हे, पण जन्माने ठरलेली चाकरी दोन्हीकडे आहे. म्हणून तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ नाव दिलं आणि निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. आणि म्हणून १९१७ साली, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेल्या बाबासाहेबांना याच शहराच्या कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत. राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. महाराज कितीही मोठ्या मनाचे असोत, कचेरीतला शिपाई जुन्या जगातलाच होता.

रडगाणं कशाला, असं विचारलंत. दिवाळीनंतर बारडोलीच्या रस्त्याने जाऊन बघा. डांग, तापी आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याहून आदिवासी कुटुंबं उसतोडीला उतरतात. मुकादमाने पावसाळ्यातच त्यांना उचल दिलेली असते, वर खावटीचं धान्य, आणि ते सगळं हंगामाच्या शेवटी मजुरीतून वळतं होतं. मुलं फडाच्या कडेला प्लास्टिकच्या पालात, शाळा गावी राहिलेली. त्यांच्याशी बोलायला आपल्याला दुभाषा लागत नाही, पुष्कळांना मराठी कळते. किती माणसं आणलीत, असं मुकादमाला विचारलंत तर तो आकडा कोयत्यांत सांगेल. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको.