पीएनजी केल्याने जुना जेपीईजी सुधारत नाही

घरातले फोटो जपण्याविषयी एक सल्ला सारखा फिरतो. जेपीईजी नुसता उघडला तरी दर वेळी थोडा खराब होतो. म्हणून सगळे फोटो पीएनजी करा, दर्जा परत येईल. नाहीतर क्वालिटी १०० वर, म्हणजे सर्वात वरच्या दर्जावर, पुन्हा सेव्ह करा, मग काहीच जात नाही. यावर विसंबून लोक मूळ फाइली डिलीट करतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवे.

फोटो उघडला, कॉपी केला, झिप केला, तरी त्याचा एक बिटही बदलत नाही. नुकसान होते ते जेपीईजी तयार होताना. चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकाचे गणिती रूपांतर करतात आणि आलेले आकडे ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांकात आणतात. बारीक तपशील जातात ते या भागाकारात. फोटोत बदल करून तो पुन्हा सेव्ह केला की भागाकार पुन्हा होतो. नुसता पाहिल्याने होत नाही.

असे गेलेले तपशील पीएनजी आणणार कुठून? ते हाती आलेले पिक्सेल, जेपीईजीच्या डागांसकट, जसेच्या तसे जपते. फाइल मात्र कित्येक पट फुगते.

क्वालिटी १०० चा गैरसमज जास्त घातक, कारण जाणकारही तो बाळगतात. तिथेही रंगांचे रूपांतर होते, आकडे पूर्णांकात आणले जातात. फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण कोणता पिक्सेल किती हलला याची हमी कोणी देत नाही. हमी हवी तर जेपीईजी-एलएस हा वेगळा फाइल-प्रकार पाहा. एचपीच्या प्रयोगशाळेतल्या लोको-आय पद्धतीवर ते बेतलेले आहे. शेजारच्या पिक्सेलांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि चुकलेला फरक तेवढा नोंदवायचा, ही त्याची रीत. निअर-लॉसलेस, म्हणजे जवळजवळ काहीच न गमावणाऱ्या, प्रकारात चुकीची मर्यादा २ ठेवली, तर कोणताही पिक्सेल मूळ किमतीपासून २ पेक्षा जास्त ढळत नाही. ० ठेवली तर पूर्ण लॉसलेस, म्हणजे काहीच जात नाही. वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकात दोन्ही प्रकारांना जागा आहे.

सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच: एकाच फोटोवर अनेकदा काम करायचे असेल, तर मधल्या प्रती पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवाव्यात. मूळ जेपीईजी तसाच राहू द्या. जागा वाचवायची असेल तर जेपीईजी एक्सएल हा नवा फाइल-प्रकार तीच फाइल साधारण २० टक्के लहान करतो आणि तिच्यातून मूळ जेपीईजी बिटन् बिट परत मिळवता येतो.