नोटीस फलकावर होती

धाकट्या भावानं पुण्यात रजिस्टर लग्न केलं आणि रात्री आईला फोन करून सांगितलं. आईनं आधी डोळे पुसले, मग मुलीचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "नाकीडोळी नीटस आहे." इथवर बरं चाललं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता सगळ्यांना फोन लाव."

आमच्या खानदेशात लग्न सोपं, बातमी अवघड. कारण बातमीला मानाचा क्रम लागतो. आधी चोपड्याची फुई (म्हणजे आत्या) की एरंडोलचे मामा? वडील म्हणाले फुई, आई म्हणाली मामा. मग मी दोघांना सोडून उधन्याच्या काकांना फोन लावला. (निम्मी भाऊबंदकी सुरतेला, आणि काका तसे अबोल.) काकू अबोल नाहीत. मी पाणी पिऊन येईपर्यंत फुईचा फोन: "माले कोनीच सांगं नही!"

मुलगी कोण, कुठली, शिकली किती, काही विचारणं नाही. सुरतेला आधी कळलं आणि सख्ख्या फुईला मागून, एवढंच.

मामांचं दुखणं निराळं. नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं, तिथं भावाचे ऑफिसातले मित्र सह्या ठोकून गेले. "तीन साक्षीदार लागतात ना? मग मला काय सही येत नाही?"

शेवटी भावालाच सगळ्यांच्या पुढ्यात कॉलवर घेतलं. साहेब शांत. "लपवलं कुठं? 1954च्या कायद्यानं नोटीस दिली होती. कचेरीच्या फलकावर 30 दिवस लावलेली. कोणीच हरकत घेतली नाही."

सगळे गप्प. मग फुई म्हणाली, "त्या बोर्डवर जेवन कवय शे, ते लिखेल व्हतं का?" (कवय म्हणजे कधी.)

तिथून गाडी रुळावर आली. जेवण अमळनेरलाच, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, यावर एकमत. बट्ट्या तळायच्या की गोवऱ्यांवर भाजायच्या, यावर मामा आणि वडील अर्धा तास भांडले. सून कोणत्या गावची हे तोवरही कोणी विचारलं नव्हतं. मांडे फुईच करणार, तेही स्वतःचं खापर चोपड्याहून आणून. आमच्या खापरावर तिचा भरवसा नाही.

भाऊ मध्येच म्हणाला, "पन्नास माणसं पुरेत ना?"

"पन्नास?" आई म्हणाली. "पन्नास तर नुसते सुरत-भुसावळ पॅसेंजरनं उतरतील."