हाय-फ्लो एअर फिल्टरने पॉवर वाढते? हिशोब करून बघा

गाडीवाल्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: कंपनीचा कागदी एअर फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, तो काढा, धुता येणारा कॉटनचा हाय-फ्लो फिल्टर टाका; पॉवर 10 टक्के वाढेल, अ‍ॅव्हरेज सुधारेल आणि पुन्हा फिल्टर घ्यावा लागणार नाही.

"पॉवर 10 टक्के वाढते." 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3000 लिटर हवा ओढतं. एवढ्या हवेला चांगल्या, स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा दोन किलोपास्कल धरा. वातावरणाचा दाब 101. हा अडथळा निम्मा झाला तरी पदरात पडतो जेमतेम एक टक्का, तोही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या आसपास. मग लोकांना फरक जाणवतो तो कसला? बहुतेक वेळा धुळीने गच्च झालेला जुना फिल्टर निघालेला असतो. त्याजागी नवा कागदी टाकला असता तरी गाडी तशीच मोकळी झाली असती. उरलेलं काम मोकळ्या फिल्टरमधून येणारा मोठा आवाज करतो.

"अ‍ॅव्हरेज सुधारतं." पेट्रोल गाडी रोजच्या वेगात चालते तेव्हा हवा मुद्दाम अडवायचं काम थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, करत असतो. फिल्टर मोकळा केला की तेवढ्याच पॉवरसाठी थ्रॉटल किंचित जास्त बंद राहतो, बस. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या केल्या. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. पिकअप मात्र घटला. तुंबलेल्याने अ‍ॅव्हरेज पडत नसेल, तर जास्त मोकळ्याने वाढणार कुठून?

"धुवा आणि आयुष्यभर वापरा." खरी गोम इथे आहे, कारण कॉटनच्या जाळीत धूळ धरून ठेवतं ते तेल. क्लीनर मारून दहाएक मिनिटं थांबायचं, मग स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. उलट धुतलं तर माती आत रुतते. सावलीत आपोआप वाळू द्यायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने कापड फाटतं, पेट्रोल-रॉकेलने कडेचं रबर बिघडतं. वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ, वीसेक मिनिटं थांबून पांढरे राहिलेले ठिपके तेवढे भरायचे.

तेल कमी पडलं तर धूळ थेट आत जाते, आणि रिंगा-सिलिंडर घासायला 5 ते 20 मायक्रॉनचे कण पुरतात. जास्त झालं तर ते उडून मॅफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तापलेल्या तारेवर बसतं. सेन्सर खरी हवा कमी मोजतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, चेक इंजिन लाइट लागते आणि स्कॅनरवर पी0171 हा पातळ मिश्रणाचा कोड दिसतो. तेव्हा फक्त मॅफ क्लीनरचा स्प्रे वापरायचा. कापसाची काडी फिरवली की तार तुटलीच.

"उघडा कोन फिल्टर (बॉक्सशिवाय बसवायचा शंकूच्या आकाराचा) आणखी चांगला." हा तर उलटा व्यवहार. फिल्टरचा मूळ बॉक्स बाहेरची हवा घेतो, कोन बॉनेटखालची तापलेली. हवा 10 अंशांनी तापली की घनता सुमारे 3 टक्के घटते, म्हणजे फिल्टरने दिलेलं सगळं गेलं, वर पदरचंही.

टर्बो इंजिनमध्ये ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, बहुधा गाठतोच, त्यामुळे ईसीयूमधली सेटिंग (मॅप) न बदलता नुसत्या फिल्टरने तिथेही फारसं काही हलत नाही.

तरीही आफ्टरमार्केट घ्यायचाच असेल, तर आधी आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या प्रमाणित चाचणीतली गाळणक्षमता विचारा. फक्त हवेचा प्रवाह सांगणाऱ्या डब्याला हात लावू नका. मग लांबी, रुंदी, उंची आणि कडेच्या सीलची जाडी जुन्याशी जुळवा. बसवल्यावर काही शे किलोमीटरनी फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. मातीची रेघ उमटली तर सील गळतंय किंवा जाळी धूळ सोडतेय. त्याच दिवशी कागदी परत बसवा.