बीपी आहे, म्हणूनच खेळतो

मैदानावर कुणी कोसळल्याची बातमी आली की मायदेशातल्या मित्रांच्या ग्रुपवर जुनाच वाद पेटतो. "चाळिशी उलटल्यावर हे उद्योग कशाला? बीपीवाल्याने गपचूप चालावं." मी कोपनहेगनमध्ये बसून हे वाचतो आणि संध्याकाळी बूट पिशवीत टाकून फुटबॉल खेळायला जातो. बीपीची गोळी सकाळीच घेतलेली असते.

माझी ही हिंमत हवेतून आलेली नाही. तेव्हा कोपनहेगन विद्यापीठात असलेले संशोधक पीटर क्रुस्ट्रुप यांच्या गटाने तिशी ते पन्नाशीतल्या, बीपी असलेल्या 33 पुरुषांवर एक प्रयोग केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण आठवड्यातून दोनदा तासभर फुटबॉल खेळले. बाकीच्यांना डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला मिळाला, व्यायाम करा, खाणं सांभाळा. सहा महिन्यांनी खेळणाऱ्यांचं सरासरी बीपी 151/92 वरून 139/84 वर आलं. सल्लावाल्यांचंही उतरलं, पण कमी. 33 माणसं म्हणजे काही फार नव्हेत, हे कबूल. तरी वरचा आकडा 12 ने उतरणं म्हणजे एका गोळीइतकं काम झालं.

यात जादू काही नाही. लहान मैदान, एका बाजूला पाच-सहा जण. धावा, थांबा, वळा, पुन्हा धावा. हृदयाचे ठोके बऱ्यापैकी वर जातात, पण डोकं चेंडूत अडकलेलं असल्याने दमल्याचं एकट्याने पळताना जाणवतं तितकं जाणवत नाही. महिनोन्‌महिने हे चालू राहिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, बसल्या जागची नाडीही मंदावते.

तिकडच्या मित्रांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. वर्षभर खुर्चीत बसायचं आणि एके दिवशी चषकासाठी जीव तोडून पळायचं, यात धोका आहेच. सवय नसलेल्या शरीराला असा अचानक जोर सर्वात महाग पडतो. पण हा दोष खेळण्याच्या पद्धतीचा, आणि आपण खेळालाच आरोपी करतो. इथे डॅनिश फुटबॉल संघटनेचा 'फुटबॉल फिटनेस' नावाचा उपक्रम क्लबांमधून चालतो. त्यात लीग नाही, गुणतक्ता नाही. हरलो तरी कुणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे जीव तोडायची वेळच येत नाही. (गुडघे मात्र कुरकुरतात. ते कुठल्याही देशात कुरकुरणारच.)

बीपी 180/110 च्या आसपास असेल तर आधी ते औषधाने खाली आणा, खेळ नंतर. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर थेट डॉक्टर गाठा. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांची नाडी मुळातच कमी चढते, तेव्हा घड्याळातला ठोक्यांचा आकडा पाहून 'अजून दम आहे' असं समजू नका. आणि बीपी उतरलं म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. हे मी करून पाहिलंय, आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणंही खाल्लंय.

मलाही आधी 'रोज चाला' असंच सांगितलं होतं. नवे बूट घेतले, तीन आठवडे चाललो, मग पाऊस सुरू झाला. थांबलो तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. आता मंगळवारी पाच मिनिटं उशीर झाला तरी फोन वाजतो: "आम्ही नऊच जण आहोत, कुठे आहेस?"