हाकेला ओ देतो म्हणजे कान ठीक, असं नसतं हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांची कानाची टेस्ट आता घरीच मोबाईलवर दहा मिनिटांत होते, ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाची, गरज नाही, ट्रीटमेंट संपताना रिपोर्ट नॉर्मल असला की विषय संपला, आणि तसंही मूल हाकेला ओ देतंय ना!

आधी हाकेचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. सिसप्लॅटिन या कॅन्सरच्या औषधानं आतल्या कानातल्या हेअर सेल्स, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पेशी, मरतात, त्या परत उगवत नाहीत, आणि सुरुवात होते ती बारीक, तीव्र आवाज पकडणाऱ्या टोकापासून, म्हणजे 8000 हर्ट्झ आणि त्याच्या वर, मग हळूहळू खाली 4000 कडे. हाकेतला बराचसा जोर त्याच्या खूप खाली असतो, त्यामुळे पोरगं पटकन वळून बघतं. जातात ते स, श, फ. बाई 'सात' म्हणतात, याला 'आत' ऐकू येतं, आणि शेरा काय तर लक्ष नसतं.

शेवटचा रिपोर्ट नॉर्मल हे तर अजिबात पुरेसं नाही. सिसप्लॅटिन कानाच्या कॉक्लियात, म्हणजे या पेशी असतात त्या आतल्या भागात, महिनोन्‌महिने, काहींच्यात वर्षानुवर्षं साचून राहतं हे 2017 च्या संशोधनात दिसलंय, आणि डोक्याला रेडिएशन मिळालेल्यांचं ऐकणं तर कित्येक वर्षांनीही कमी होऊ शकतं. म्हणजे टेस्ट पुन्हा पुन्हा करायची, आणि इथेच घरची टेस्ट खरंच कामाची आहे, दर वेळी लांबचा प्रवास वाचतो.

पण ती मोबाईल आणि ड्रॉवरमधल्या इअरफोनवाली नाही! कुठल्या इअरफोनमधून नेमका किती आवाज येतो हेच माहीत नसेल तर आकडा कसला घेणार? नीट रिमोट टेस्टला कॅलिब्रेट केलेले, म्हणजे आवाज मोजून जुळवलेले, हेडफोन लागतात, खोलीतला गोंगाट मोजला जातो, आणि रिझल्ट ऑडिओलॉजिस्टच बघतो, आधीच्या ऑडिओग्रामशेजारी (ऐकण्याच्या आलेखाशेजारी) ठेवून. मळ साचलाय का, पडद्यामागे पाणी झालंय का, हे नुसत्या बीपवरून कळत नाही, त्याला कानात बघावंच लागतं. आणि अगदी लहान मूल बीप ऐकून बटण दाबेल ही अपेक्षाच चूक, त्यांच्या टेस्ट वेगळ्या असतात.

घरी टेस्ट करायची असेल तर जरूर करा, फक्त आधी विचारा की कुठपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे किती हर्ट्झपर्यंतचे आवाज, तपासणार. रिपोर्टवर 8000 ची जागा रिकामी असेल तर ती टेस्ट आपल्या मुलांसाठी नाही.