फोटो काढून कॅलरी मोजता, पण त्यात तेल कुठं दिसतंय?

सध्या ऑफिसात, सोसायटीत, अगदी तळजाईला सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींतसुद्धा एकच चर्चा: कॅलरी मोजायला कुठलं ॲप चांगलं? ॲप कुठलंही घ्या हो. त्यात जेवण भरता कसं, यावर सगळा खेळ आहे. फोटो काढून, नाव शोधून, बारकोड दाखवून, बोलून की वजन करून? हे सगळे प्रकार आमच्या घरात चालतात, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजून लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. (साखर मोजून.)

आमच्याकडे फोटोवाले म्हणजे नवरोबा. ताट आलं की आधी मोबाइल, मग घास. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "फोटोत फोडणी दिसते का रे?" या विषयावर इतका नेमका प्रश्न मी अजून कुठल्या आहारतज्ज्ञाच्या व्हिडिओतही ऐकलेला नाही.

कॅमेऱ्याला दिसतो तो वरचा थर. वाटी किती खोल आहे, याचा तो अंदाज बांधतो आणि आमटीत गूळ किती, कूट किती, याचा तर अंदाजही बांधू शकत नाही. वरणभातावरचं तूप विरघळलं की तेही गायब. केळं, उकडलेलं अंडं, दोन इडल्या यांचा फोटो काढा, काम छान होतं, कारण आत लपवण्यासारखं काही नसतं. मराठी स्वयंपाकात मात्र कॅलरी लपूनच बसलेल्या असतात.

आमच्याकडच्या भरल्या वांग्यांचाच हिशोब बघा. वांगी अर्धा किलो, म्हणजे जेमतेम सव्वाशे कॅलरी. दाण्याचं कूट ८० ग्रॅम, सव्वाचारशेच्या आसपास. तेल ४५ ग्रॅम, म्हणजे चारशे पाच. सुकं खोबरं २० ग्रॅम, पुन्हा सव्वाशे. कांदा, गूळ, तीळ-मसाला मिळून आणखी सव्वाशे. एकूण बाराशे. त्यात तेल, कूट आणि खोबरं मिळून साडेनऊशे, आणि ज्यांच्या नावानं भाजी ओळखली जाते त्या वांग्यांचा वाटा दहावा हिस्सा! फोटोत दिसतात फक्त वांगी. ॲप बिचारं 'ब्रिंजल करी, एक बाऊल' म्हणून मोकळं होतं आणि नवरोबा तिसरं वांगं वाढून घेतात.

नाव शोधून नोंद करण्याची पद्धत त्याहून बरी, पण तिथं वेगळाच घोळ. बऱ्याच ॲपच्या यादीतले पदार्थ वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. 'साबुदाणा खिचडी' टाका, दहा नोंदी येतील आणि दोन नोंदींचे आकडे जुळतील तर शपथ. कुणाची वाटी शंभर मिलिलिटरची, कुणाची दोनशेची. कुणी खिचडीत कूट घालतं, कुणी कुटात खिचडी घालतं. आणि माणसाचा स्वभाव असा की दहातली सगळ्यात कमी कॅलरीची नोंदच त्याला 'आपल्या खिचडीसारखी' वाटते. हेल्दीफायमीसारख्या देशी ॲपमध्ये पोळी, वाटी अशी आपली मापं मिळतात, ही सोय मोठीच आहे. तरी ती वाटी त्यांची. आपली वाटी काट्यावर ठेवून पाण्यानं भरायची, जेवढे ग्रॅम भरतील तेवढे मिलिलिटर. एकदाच करायचं काम आहे, पण फार कमी जण करतात.

बोलून किंवा लिहून सांगायची नवी सोय, 'दोन पोळ्या, वाटीभर मटकी, थोडा भात', हीसुद्धा याच पंगतीतली. 'थोडा' म्हणजे किती, हे कोल्हापूरच्या पाहुण्याला विचारा आणि सदाशिव पेठेत विचारा.

बारकोडचं मात्र कौतुक करायला हवं. बाकरवडीचं पाकीट धरलं, टुंग वाजलं, आकडे हजर. वेष्टनावर दर १०० ग्रॅममागचे आकडे छापलेले असतातच, त्यामुळे ॲपमधली नोंद पडताळूनही बघता येते. (मायफिटनेसपॅल या ॲपनं २०२२ मध्ये ही सोय पैसे भरणाऱ्यांपुरती केली, पण पाकीट वाचायला अजून तरी पैसे पडत नाहीत.) माझी तक्रार वेगळी आहे. जे नोंदवायला सोपं तेच माणूस खायला लागतो. ओळखीतल्या एकीनं घरच्या पोह्यांऐवजी पाकिटातला ओट्सचा नाश्ता सुरू केला, कारण विचारलं तर म्हणाली, "स्कॅन होतं गं." आता बोला!

तर मुद्द्यावर येते. मोजायची जागा ताट नव्हे, कढई. ताटात भाजी आली की तिच्यातलं तेल वेगळं काढता येत नाही, कढईत घालताना मात्र ते आपल्या हातात असतं. म्हणून मी रेसिपी भरण्याच्या पद्धतीची कट्टर समर्थक आहे. कच्चं सामान वजन करून ॲपमध्ये एकदा 'आपली भाजी' म्हणून साठवायचं, शिजल्यावर कढईसकट वजन करायचं, रिकाम्या कढईचं वजन वजा करायचं. आमच्या वांग्यांची भाजी नऊशे ग्रॅम भरते. बाराशे भागिले नऊशे, म्हणजे ग्रॅममागे सव्वा ते दीड कॅलरीच्या मध्ये. दीडशे ग्रॅम वाढून घेतली की दोनशे. संपला विषय. पुढच्या वेळी तीच रेसिपी, फक्त तेल आणि कूट बदललं असेल तर तेवढा आकडा बदलायचा.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हे येणारच, म्हणून युक्ती सांगते. तेल चमच्यानं मोजायला जाऊ नका. तेलाची बरणीच काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, बरणी उचला, नेहमीच्या हातानं फोडणीला ओता, बरणी परत ठेवा. काटा वजा ३८ दाखवतो? मग ३८ ग्रॅम तेल गेलं. ग्रॅमला नऊ कॅलरी या हिशोबानं तीनशे बेचाळीस. जास्तीचं भांडं नाही, चिकट चमचा नाही, फोडणी जळत नाही. कुटाच्या डब्याचंही तसंच. कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीचा काटेकोरपणा सोडून दिला तरी चालतो. आमच्या फ्रीजच्या दारावर भांड्यांच्या वजनांचा कागद चिकटवलेला आहे: मोठी कढई, छोटी कढई, कुकरचं भांडं, पातेलं. पाहुणे वाचतात आणि काही न बोलता पाणी पितात.

पोळ्यांचं तर आणखी सोपं. एकूण कणीक भागिले पोळ्या. तीस ग्रॅम कणकेची पोळी साधारण शंभर कॅलरी, वरून चमचाभर तेल लावलंत तर अजून चाळीस. भाकरीला ज्वारीचं पीठ १०० ग्रॅमला ३३४. भाताला मात्र जपा. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात, आणि शिजून तोच जवळजवळ तिप्पट होतो. शिजलेल्या भाताचं वजन करून 'तांदूळ, कच्चा' निवडलंत तर एका मुदीत दिवसाचा कोटा संपल्याचं ॲप सांगेल, आणि तुम्ही उगाच उपाशी झोपाल.

कच्च्या सामानाचा आग्रह धरण्यामागं आणखी एक कारण आहे. आपल्याकडचे सगळ्यात विश्वासाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे. त्यांच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत, आणि ते बहुतांशी कच्चे: धान्यं, डाळी, भाज्या, दाणे, मासे. तुमच्या काकूंची आमटी त्यात नाही, आणि असणारही नाही. ती आपणच जोडून बनवायची. (ऊर्जा तिथं किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, कॅलरी हव्या तर ४.१८४ ने भागा. आकडा बघून घाबरू नका.)

आता शहाणी मंडळी म्हणतील, कॅलरी मोजणं मुळातच अंदाजपंचे. खरं आहे. ग्रॅममागे पिष्टमय पदार्थांना आणि प्रथिनांना चार कॅलरी, स्निग्धाला नऊ हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आले आणि ते सरासरी आहेत. बदामांतून शरीराला प्रत्यक्षात मिळणाऱ्या कॅलरी हिशोबापेक्षा बऱ्याच कमी असतात, हे २०१२ च्या एका अभ्यासात मोजून दाखवलेलं आहे. पण चूक आणि चूक यांत फरक असतो. माझ्या काट्याच्या पद्धतीतली चूक रोज साधारण तेवढीच आणि त्याच दिशेला राहते, त्यामुळे महिनाभराच्या वजनाशी ताडून ती सुधारता येते. फोटोची चूक आज भाजीत दीडशेची, उद्या इडलीत दहाची. तिला धरणार कशी? शिवाय चुकते तेव्हा ती बहुतेक वेळा आपल्या मनासारखीच चुकते. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटासा अभ्यास आला होता. 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांचं खाणं शास्त्रशुद्ध मोजलं, तर त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. ती माणसं खोटारडी होती असं मला वाटत नाही. त्यांनाही वांगीच दिसत असणार.

बाहेरच्या खाण्याला काटा घेऊन जावं अशा मताची मी नाही. मिसळीच्या दुकानात काटा काढणाऱ्या माणसाबरोबर मी एका टेबलावर बसणार नाही. तिथं फोटो काढा, नाव शोधा, जो आकडा येईल त्यात तर्रीचा विचार करून भर घाला आणि गप खा. अमृततुल्यचा चहा तेवढा विसरू नका. कप लहान दिसतो, पण दूध आणि साखर दोन्ही सढळ, आणि 'चल रे, एक कटिंग' दिवसातून किती वेळा होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. मेसवर जेवणाऱ्या पोरापोरींकडे स्वयंपाकघरच नसतं, त्यांना कढईचा उपदेश काय करणार! त्यांनी पोळ्या मोजाव्यात, भाजीवरचा तवंग वाटीत मागे ठेवावा. एवढ्यानंही फरक पडतो.

आणि ज्यांना आकड्यांचा ताण येतो, खाण्याशी ज्यांचं आधीच भांडण आहे, त्यांनी या भानगडीत पडूच नये. डॉक्टरांशी बोलावं. हे मनापासून सांगते.

नवरोबा अजून फोटोच काढतात. फक्त हल्ली फोटो काढण्याआधी "आज तेल किती?" असं स्वयंपाकघरात विचारून जातात आणि आकडा हातानं भरतात. सासूबाई बरणी उचलायच्या आधी स्वतःच शून्य दाबतात, वर "आज बत्तीसच गेलं" असं ऐकवतातही.

एक अडलंय ते विचारते. तळणाचं गणित मी कढईतलं तेल आधी आणि नंतर वजन करून काढते, पण अनारसे तूप फार पितात आणि ते जाळीत निथळतही राहतं, त्यामुळे नगामागे काही केल्या आकडा बसत नाही. कुणी मोजलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. ऐकीव आकडे नकोत, काट्यावरचे हवेत.