स्क्रू काढला म्हणजे वॉरंटी गेली?

सध्या एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: फोन घरी उघडलात की वॉरंटी संपली, सील फाटलेलं दिसलं की सर्व्हिस सेंटर फोनला हात लावणार नाही, बाहेरचा पार्ट टाकलात तर पुढच्या अपडेटला फोन बंद पडेल, आणि घरी बॅटरी बदलणं म्हणजे बॉम्बशी खेळ. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण पहिले दोन दावे सरसकट खरे नाहीत, तिसरा अर्धवट आहे, आणि चौथ्यात तथ्य असलं तरी त्याचा वॉरंटीशी संबंध नाही.

आधी पहिला. वॉरंटी असते ती फोन बनवताना राहून गेलेल्या दोषाची. हातातून पडून काच तडकली, पाणी गेलं, वापरून वापरून बॅटरी उतरली, यातलं काहीच साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. आणि लोक घरी फोन उघडतात ते बहुतेक याच कामांसाठी! म्हणजे तडकलेला डिस्प्ले बदलताना जी वॉरंटी जाईल म्हणून आपण घाबरतो, ती त्या डिस्प्लेला लागूच नव्हती. प्रश्न उरतो तो उद्या माइक आपोआप गेला तर काय, एवढाच. तिथं ‘फोन उघडला होता का’ यापेक्षा ‘उघडल्यामुळे माइक गेला का’ हे विचारायला हवं.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा नेमकं हेच विचारतो. ‘आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडूनच दुरुस्त करा’ अशी अट कंपनीला वॉरंटीला जोडता येत नाही. तो पार्ट किंवा ती सेवा कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. बिघाड तुमच्या दुरुस्तीमुळे झाला असं म्हणायचं असेल तर ते कंपनीनं दाखवून द्यायचं. युरोपीय संघात कंपनीच्या वॉरंटीखेरीज विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष साधारणपणे मुळातलाच धरला जातो. जिथं असा कायदा नाही तिथं मात्र वॉरंटी कार्डावरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. ‘अनधिकृत व्यक्तीनं उघडल्यास वॉरंटी लागू नाही’ असं तिथं छापलेलं असतं आणि काउंटरवरचा माणूस त्याच ओळीवर बोट ठेवतो. अशा वेळी ‘कोणत्या दुरुस्तीमुळे कोणता भाग गेला, ते लिहून द्या’ एवढं मागावं. तोंडी नकार देणं सोपं असतं, लेखी द्यायचं म्हटलं की जरा विचार होतो.

सीलचं लवकर उरकतो. ‘हे काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा स्टिकरबद्दल आणि अटींबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद देणारी पत्रं पाठवली होती. त्यात एचटीसी ही फोन बनवणारी कंपनीही होती. खरं तर सर्व्हिस सेंटरमध्ये सीलइतकीच नजर जाते ती पाण्याच्या खुणेवर. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. जुना फोन विकत घेताना टॉर्च मारून तो जरूर बघा.

तिसऱ्या दाव्यामागे खरी घटना आहे. २०१६ च्या सुरुवातीला बाहेर दुरुस्त केलेले काही आयफोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून ठप्प झाले. होम बटणातल्या बोटाच्या ठशाच्या सेन्सरची बाकी फोनशी जुळणी होत नव्हती. मेसेज इथंच थांबतो. पुढचं असं: त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलनं ते फोन पुन्हा चालू करणारं अपडेट दिलं. ऑस्ट्रेलियात तर प्रकरण कोर्टात गेलं. ‘बाहेर दुरुस्ती केलीत, आता तुमचा हक्क नाही’ असं किमान २७५ ग्राहकांना सांगितल्याचं कंपनीनं मान्य केलं आणि जून २०१८ मध्ये तिला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मेसेज ज्या गोष्टीची भीती घालतोय, ती सांगितल्याबद्दलच दंड!

पार्टची जुळणी ही कटकट मात्र आजही आहे. बाहेरचा डिस्प्ले किंवा बॅटरी टाकली की ‘अनोळखी पार्ट’ अशी सूचना येते, एखादी सोय बंद होते. चीड येते, पण ती वॉरंटीची गोष्ट नाही. आणि उघडणं हाच गुन्हा असता तर ॲपल, सॅमसंग आणि गूगल यांनी २०२२ पासून काही देशांत सामान्य ग्राहकासाठी अस्सल पार्ट आणि दुरुस्तीच्या सूचना खुल्या कशाला केल्या असत्या?

राहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते, हे शंभर टक्के खरं. म्हणून चार्जिंग पंचवीस टक्क्यांखाली उतरवून मगच फोन उघडायचा, चिकटवलेली बॅटरी काढायला धातूचं हत्यार वापरायचं नाही, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर घरी प्रयोगच करायचा नाही. तरीही युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम केलाय. धोका बराचसा ती कशी बसवली आहे यावर ठरतो.

ज्या गोष्टींनी घरच्या दुरुस्तीत फोन खरोखर मरतात, त्या या मेसेजमध्ये नाहीतच. आयफोनमध्ये डिस्प्लेच्या कनेक्टरवर एक पत्रा असतो. त्याचे स्क्रू दिसायला सारखेच, लांबीत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक. लांबडा स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला की तो खालच्या मदरबोर्डात घुसतो, आतल्या बारीक तारा तुटतात आणि फोन उठत नाही. कागदावर फोनचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपनं चिकटवला की हे टळतं. दुसरी गोष्ट फ्लेक्स केबलची, म्हणजे आतले भाग जोडणाऱ्या पातळ, लवचीक पट्टीची. काच उचलताना खालची केबल अजून जोडलेलीच असते आणि जोरात उचललं की टर्रकन फाटते. तिसरी, पाण्यापासूनचं संरक्षण. कडेचा गोंद एकदा सुटला की नवा लावूनही कारखान्यातली पकड परत येईलच असं नाही, तेव्हा नंतर पाणी गेलं तर तक्रारीला जागा नाही. हे तिन्ही नुकसान आपल्या हातचं; कंपनीनं नाही म्हटलं तर ती बरोबर आहे.

एक मात्र पाळा. वॉरंटी शिल्लक आहे, फोन पडलेला-भिजलेला नाही आणि स्पीकर आपोआप बंद झालाय, अशा वेळी स्क्रूड्रायव्हर बाजूलाच ठेवा. बॅकअप घ्या, बिल शोधा आणि फोन आहे तसा नेऊन द्या. ते काम फुकट होणारं आहे.